प्रोजेक्ट, गाइड वगैरे

एखाद्या इंजिनिअरला 'तुझा फायनल इयरचा प्रोजेक्ट काय होता रे?' असं विचारून बघा. बहुतेक जण आधी हसतात. मग 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' किंवा 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम' असं काहीतरी पुटपुटतात आणि विषय बदलतात. चार जणांच्या ग्रुपमधे एकाने कोड लिहिलेला असतो, एकाने रिपोर्ट टाइप केलेला असतो, एकाने बाइंडिंगवाल्याकडे फेऱ्या मारलेल्या असतात आणि चौथ्याने व्हायवाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातलेला असतो. काळं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं, आत गाइडची सही. झाला प्रोजेक्ट. ती काळी वही पुढे आईने कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, जुन्या पत्रिकांच्या शेजारी ठेवलेली असते.

मी या विषयावर लिहायला बसलोय त्याला कारण आहे. माझी भाची बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तिच्यापुढे दोन रस्ते आहेत. तीन वर्षं पुरी करून डिग्री घ्यायची आणि बाहेर पडायचं, किंवा चौथं वर्ष थांबून ऑनर्स करायचं. यूजीसीने डिसेंबर २०२२ मधे जो आराखडा काढला त्यात त्या चौथ्या वर्षाचाही एक खास प्रकार आहे. पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के किंवा जास्त असतील तर रिसर्चसह ऑनर्स करता येतं. म्हणजे एकूण १६० क्रेडिट, त्यातली १२ एका प्रबंधाची. एक प्रश्न, एक गाइड, एक वर्ष. "मामा, तू सांग. एक वर्ष घालवून मला काय मिळणार?" हा तिचा प्रश्न. वर्गातल्या निम्म्या मुली तीन वर्षांनी डेटा ॲनालिस्टच्या नोकऱ्या शोधणार आहेत. एका वर्षाचा पगार सोडायचा तर बदल्यात काय, हे विचारणं अगदी रास्त आहे.

'ज्ञान मिळेल', 'रेझ्युमेला वजन येईल' ही दोन्ही उत्तरं मला देता आली असती. पहिलं ऐकून ती हसली असती आणि दुसरं तितकंसं खरं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

*

अमेरिकेतल्या कॉलेजांत या प्रकाराला ऑनर्स थीसिस म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो ऐच्छिक असतो, ज्याला हौस आणि मार्क दोन्ही आहेत त्याने करावा. प्रिन्स्टनसारख्या ठिकाणी मात्र जवळपास सगळ्यांनाच शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो. विद्यार्थी एकटा असतो, ग्रुप वगैरे भानगड नाही, आणि समोर एक प्राध्यापक. १९३९ साली एमआयटीत रिचर्ड फाइनमनने असाच एक थीसिस लिहिला. रेणूमधल्या अणूंवर किती बल लागतं ते सोप्या रीतीने कसं काढायचं, हा विषय. गाइड होते जॉन स्लेटर. त्यावरचा पेपर त्याच वर्षी 'फिजिकल रिव्ह्यू'मधे आला, आणि क्वांटम केमिस्ट्री शिकणाऱ्या पोरांना आजही तो हेलमान-फाइनमन प्रमेय म्हणून भेटतो. मला यातला जास्त आवडणारा भाग पुढचा आहे. फाइनमनला पुढेही एमआयटीतच राहायचं होतं. स्लेटरनी त्याला नाही म्हटलं, बाकीचं जग कसं आहे ते जाऊन बघ म्हणाले, आणि फाइनमन प्रिन्स्टनला गेला. हाताशी आलेला इतका हुशार विद्यार्थी सोडून देणं हेही गाइडचंच काम.

पण फाइनमन म्हटलं की आपण लगेच म्हणतो, 'अरे तो फाइनमन होता बाबा!' म्हणून आपल्याकडचं उदाहरण घेऊ.

एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही हे कसं ओळखायचं? शाळेतली पद्धत म्हणजे लहान संख्यांनी भागत सुटायचं, वर्गमूळापर्यंत. शंभर आकडी संख्या असेल तर एकावर पन्नास शून्यं इतक्या संख्यांपर्यंत भागत जावं लागेल. विश्वाचं आजवरचं वय सेकंदांत लिहिलं तरी ते एकावर अठरा शून्यांच्या आत बसतं, म्हणजे बोलायलाच नको. झटपट चाचण्या १९७० च्या दशकापासून होत्या, पण त्या 'बहुधा मूळ संख्या आहे' असं सांगायच्या. 'बहुधा' काढून टाकणारी, कुठलंही न सिद्ध झालेलं गृहीतक न वापरणारी आणि तरीही वेगवान अशी रीत आहे का, हा प्रश्न भल्याभल्यांकडून सुटलेला नव्हता.

आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल या प्रश्नामागे होते. १९९९ साली त्यांनी आणि सोमनाथ बिस्वास यांनी एक वेगळी वाट दाखवली. संख्या मूळ असेल तरच जुळणारं एक बहुपदींचं समीकरण घ्यायचं आणि ते जुळतंय का ते तपासायचं. अडचण अशी की त्या समीकरणात पदं फार, म्हणून एका छोट्या बहुपदीने भागून नुसती बाकी बघायची. मग २००१ साली रजत भट्टाचार्जी आणि प्रशांत पांडे या दोन बीटेकच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रोजेक्टमधे ही बाकी नेमकी कशी वागते ते खणून काढलं आणि एक अंदाज मांडून ठेवला. सिद्ध नाही झाला. पास होऊन गेले. पुढच्या वर्षी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या दोघांनी बीटेक प्रोजेक्टसाठी तिथूनच उचललं. एप्रिल २००२ मधे त्यांचा रिपोर्ट झाला, तेव्हाही काम पुरं नव्हतं. पुरं झालं उन्हाळ्यात, आणि ऑगस्ट २००२ मधे अग्रवाल, कयाल, सक्सेना अशा तिघांच्या नावाचा नऊ पानांचा पेपर जगापुढे आला. तो २००४ साली 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मधे छापून आला, २००६ साली त्याला गोडेल पुरस्कार मिळाला. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्या रीतीला एकेएस म्हणतात.

आता यातली गंमत बघा. आपण ही गोष्ट 'दोन पोरांनी जगाला चकित केलं' अशी सांगतो. खरं म्हणजे तो एक रिले आहे. गाइड कित्येक वर्षं ज्या प्रश्नात स्वतः अडकलेला होता तो प्रश्न त्याने पोरांना दिला. आदल्या बॅचने अर्धवट टाकलेलं काम नीट लिहून ठेवलं. पुढच्या बॅचने ते वाचलं, 'आमचा प्रोजेक्ट वेगळाच पाहिजे' असा हट्ट धरला नाही. यातला एक जरी दुवा तुटला असता तर २००२ साली काहीच झालं नसतं.

आणि अजून एक. प्रत्यक्ष कामात आजही एकेएस फारसं वापरत नाहीत. जुनी 'बहुधा'वाली चाचणी त्याहून वेगवान पडते आणि व्यवहाराला पुरते. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या बीटेक प्रोजेक्टांपैकी एकाचा तसा 'उपयोग' नाही. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना हे लक्षात ठेवायला हवं.

*

२००२ च्या ऑगस्टमधे ही बातमी मी घरी, पेपरात वाचली. घरी होतो कारण मीही त्याच वर्षी बीई झालो होतो, कॅम्पसमधे मिळालेल्या कंपनीने जॉइनिंगची तारीख पुढे ढकलली होती, आणि दुपारी चार वाजता पोस्टमनची वाट बघणं हा माझा मुख्य उद्योग होता. डॉटकॉमचा फुगा फुटून झाला होता. आमच्या बॅचमधल्या कितीतरी जणांकडे ऑफर लेटर होतं आणि नोकरी नव्हती.

आमचा प्रोजेक्ट गाजला वगैरे नाही. तरी सांगतो, कारण ज्याची किंमत मला पुढे कळत गेली ते सगळं त्या वर्षातलं आहे.

सिनॉप्सिसवर आम्ही नाव लिहिलं होतं 'इंटेलिजंट मराठी सर्च इंजिन'. गाइड सरांनी ते वाचलं, चष्मा काढला, आणि पेन घेऊन आधी 'इंटेलिजंट' खोडलं. मग 'इंजिन' खोडलं. मग थोडा विचार करून 'सर्च' खोडलं. 'मराठी' तेवढं उरलं. म्हणाले, "अरे, 'देवळात' शब्दावरून 'देऊळ' शोधता आलं तरी एक वर्ष सार्थकी लागेल. तेवढंच करू."

आम्हाला वाटलं, हे काय, दोन दिवसांचं काम. इंग्रजीत मार्टिन पोर्टर नावाच्या माणसाने १९८० सालीच शब्दांच्या शेपट्या कापायची नियमावली छापली होती आणि जगभर ती वापरत होते. मराठीतही 'ला', 'ने', 'चा', 'त' कापून टाकायचे, झालं!

'ला' कापा म्हटल्यावर 'मसाला'चं 'मसा' झालं. 'बंगला'चं 'बंग' झालं. 'आला' या शब्दाचा नुसता 'आ' उरला. 'देवळात'चा 'त' कापला तर 'देवळा' उरतं, आणि देवळा म्हणजे काय ते शब्दकोशात नाही. मराठी नाम प्रत्यय लागण्याआधी कपडे बदलतं. त्याला सामान्यरूप म्हणतात, शाळेत सातवीत दोन मार्कांना असतं. 'घोडा'चं 'घोड्या' होतं, मग 'घोड्याला'. 'शाळा'चं मात्र 'शाळे' होतं, कारण ती स्त्रीलिंगी. 'काका', 'मामा', 'दादा' पुल्लिंगी असून ढिम्म हलत नाहीत. 'माळ्यावर' म्हणजे माळा असेल किंवा माळी असेल (बिचारा). 'मुलाला' हे 'मूल'चं पण रूप आहे आणि 'मुलगा'चं पण. आणि सगळ्यात कळस म्हणजे 'पुण्याला'. हे 'पुणे' की 'पुण्य'? सर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पुणेकरांच्या दृष्टीने फरक नाही, पण प्रोग्रॅमला सांगावं लागेल."

मग 'घरासमोरच्यांनासुद्धा' असा शब्द आला. घर, समोर, चा, ना, सुद्धा, असे सगळे एकाच टपावर बसलेले. आम्ही चौघं त्या शब्दाकडे बराच वेळ नुसते बघत होतो. बोलताना हा शब्द आपण एका दमात म्हणतो, आणि तो सोडवायला आम्हाला अख्खा एक आठवडा लागला.

दर बुधवारी चार वाजता अर्धा तास सरांकडे. त्यांचे ठरलेले तीन प्रश्न असायचे. या आठवड्यात काय कळलं? काय कळलं नाही? पुढच्या बुधवारपर्यंत काय करणार? उत्तरं एका शंभरपानी वहीत लिहायची, तारीख घालून. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'सगळं कळलं' असं दिलेलं चालायचं नाही. उत्तर ते कधीच सांगायचे नाहीत. एकदा आम्ही वैतागून विचारलं, "सर, तुम्हाला माहितीये ना याचं उत्तर?" सर म्हणाले, "नाही. माहिती असतं तर तुम्हाला कशाला दिला असता हा विषय?"

हे वाक्य तेव्हा मला नीटसं पचलं नव्हतं. सोळा वर्षं शाळा-कॉलेजात काढली होती आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर समोरच्या माणसाला आधीच माहीत असायचं. पुस्तकाच्या मागे तरी असायचं. पहिल्यांदाच टेबलाच्या दोन्ही बाजूंना उत्तर माहीत नसलेली माणसं बसली होती. फरक इतकाच की त्याची सरांना सवय होती आणि आम्हाला नव्हती. अडकलो की ते मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' पुढे सरकवायचे, १९११ सालचं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी आयुष्यात सगळ्यात जास्त व्याकरण वाचलं.

दुसरी गोष्ट कपाटाची. वर्तमानपत्रांतली कात्रणं आम्ही हाताने टाइप करत होतो. तेव्हा मराठी पेपरांच्या साइट्स आपापल्या खास फाँटमधे असायच्या, कॉपी केलं तर हाती रोमन अक्षरांचा कचरा यायचा. प्रत्येक नामाचं मूळ रूप दोघांनी वेगवेगळं लिहायचं, मग जुळवून बघायचं, आणि जुळलं नाही तर दामले. सरांनी सुरुवातीलाच कात्रणांचे दोन गठ्ठे केले. "हा तुमचा. हा माझा." त्यांच्या गठ्ठ्यातली मूळ रूपं ते आणि त्यांचे एक मराठी शिकवणारे मित्र मिळून काढणार होते. तो गठ्ठा त्यांच्या लोखंडी कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं, किल्ली खिशात. "हा एप्रिलमधे उघडायचा. एकदाच."

*

जानेवारीत आमच्यातल्या एकाला कंपनीचं पत्र आलं. जॉइनिंग 'पुढील सूचनेपर्यंत' लांबवलंय. त्याच्या वडिलांनी फीसाठी कर्ज काढलं होतं आणि हप्ते जूनपासून सुरू होणार होते. त्याने संध्याकाळी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या धरल्या. एका बुधवारी तो सरांसमोर सरळच म्हणाला, "सर, राग मानू नका, पण या प्रत्ययांनी पोट भरणार आहे का?"

खोलीत जरा शांतता झाली. असल्या वेळी मोठी माणसं ज्ञानसाधनेवर भाषण देतात. सर म्हणाले, "नाही भरणार. शिकवण्या किती वाजता असतात तुझ्या?" चारपासून, म्हटल्यावर त्यांनी वहीतली वेळ खोडली आणि बुधवार सकाळी साडेसात केली. सरांकडे तेव्हा सहा ग्रुप होते, म्हणजे आमच्यासारखे चोवीस जण, शिवाय लेक्चरं आणि प्रॅक्टिकलं. हे अर्धे-अर्धे तास कुठल्याही टाइमटेबलात नव्हते. त्यानंतरचे सगळे बुधवार ते सकाळी सव्वासातलाच स्कूटर लावून व्हरांड्यात उभे असायचे. मित्राने प्रोजेक्ट सोडला नाही. त्याच्या वाट्याला अकारान्त नपुंसकलिंगी नामं होती, ती त्याने शेवटपर्यंत नेली. फूल-फुलाला, ऊन-उन्हात, पाऊल-पावलाने.

एप्रिलमधे कपाट उघडलं. आमच्या गठ्ठ्यावर प्रोग्रॅम दहातली नऊ नामं बरोबर ओळखत होता. सरांच्या गठ्ठ्यावर सात. त्यात खेळाचं पान होतं आणि 'लाराला' या शब्दाने आमची वाट लावली. प्रोग्रॅमने 'ला' कापला, उरलेला 'लारा' हे सामान्यरूप समजून त्यालाही कापलं, आणि वेस्ट इंडिजचा तो महान फलंदाज 'लार' होऊन बाहेर पडला. दिल्लीच्या 'कोटला'चा 'कोट' झाला. माणसांची, गावांची नावं आली की नियम गडबडायचे.

प्रश्न आला रिपोर्टात कुठला आकडा छापायचा. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला नऊ बरं वाटणार हे उघड होतं. सर म्हणाले, "दोन्ही छापा. आणि दोन्हींत एवढा फरक का, यावर एक प्रकरण लिहा." ते प्रकरण मी लिहिलं. पंधरा पानांचं. सरांनी ते चार वेळा लाल करून परत दिलं. 'अतिशय समाधानकारक' खाली रेघ, आणि बाजूला 'कोणाला?'. 'असे दिसून येते' खाली रेघ, आणि बाजूला 'कुठे दिसलं? तक्ता दाखव'. कोणीतरी आपलं लिखाण मार्क देण्यासाठी न वाचता, पटतंय का हे बघायला वाचतंय, हा अनुभव मला त्याआधी कधी आला नव्हता. व्हायवाला परीक्षकांनी बाकी सगळी पानं उलटली आणि त्या एकाच प्रकरणावर वीस मिनिटं बोलत बसले.

त्या प्रोग्रॅमचं पुढे काय झालं? काही नाही. कोणी वापरला नाही. आज आमचं वर्षभराचं काम एखादं भाषेचं मॉडेल न शिकवता बऱ्यापैकी करतं, आणि सिनॉप्सिसपासून आभारापर्यंत अख्खा रिपोर्टही एका संध्याकाळी लिहून देतं. म्हणून तर भाचीचा प्रश्न आज जास्तच अवघड आहे. रिपोर्ट हेच फळ असेल तर त्यासाठी वर्ष घालवण्यात काहीच अर्थ उरलेला नाही.

पण आमच्याही वेळी रिपोर्ट विकत मिळायचा की! तेव्हाही फळ ते नव्हतंच. आज ऑफिसात नवीन मॉडेल आलं आणि कोणी छान आकडा दाखवला की माझा पहिला प्रश्न असतो, 'हे कशावर मोजलंय, आणि तो डेटा आधी कोणी बघितला होता?' ज्युनिअर पोरं आपापसात याला 'कपाट प्रश्न' म्हणतात. मीटिंगमधे 'हे मला कळलेलं नाही' असं न लाजता म्हणता येतं, कारण बुधवारच्या वहीत तो रकाना रिकामा ठेवायची सोयच नव्हती. एवढ्या मोठ्या सिस्टिममधलं या महिन्यात आपल्याला नक्की काय संपवता येईल, हे ठरवताना तीन शब्द खोडणारं पेन आठवतं. यातलं काहीच अभ्यासक्रमात नव्हतं. हे एका माणसासमोर तीसेक वेळा बसून अंगात मुरलं.

*

तर भाचीबाई, माझं उत्तर असं. चौथं वर्ष करायचं की नाही हे विषयावर ठरवू नकोस, गाइडवर ठरव. तुझा सध्याचा विषय 'एआयच्या मदतीने मान्सूनचा अंदाज' आहे. चांगला गाइड त्यातले चार शब्द खोडेल आणि एखाद्या तालुक्यातल्या एका पर्जन्यमापकाच्या तीस वर्षांच्या नोंदींवर तुला आणून बसवेल. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. फॉर्म भरायच्या आधी दोन-तीन जणांना भेट आणि विचार, 'सर, मॅडम, तुम्ही स्वतः सध्या कुठल्या प्रश्नात अडकलाय?' ज्यांचे डोळे चमकतील आणि जे वीस मिनिटं थांबणार नाहीत, ते घ्यायचे. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याला गाठून विचार, महिन्यातून किती वेळा भेटायचे, आणि लिहिलेलं परत मिळायचं तेव्हा त्यावर खुणा असायच्या की नुसती सही.

असं कोणी मिळालं नाही तर तीन वर्षांत बाहेर पड. त्यात कमीपणा काही नाही. घरी हप्ते असतील तर पगार आधी. नुसत्या सहीसाठी वर्ष घालवण्यापेक्षा नोकरीत एखादा खडूस सीनिअर भेटला तर तोही पुष्कळ शिकवतो. आणि ज्या कॉलेजांना हे ऑनर्स खरंच चालवायचंय त्यांनी एक हिशोब करावा. एका विद्यार्थ्याला आठवड्याला अर्धा तास धरला तर तो तास शिक्षकाच्या कामाच्या वेळापत्रकात कुठे लिहिलाय? आमच्या सरांनी तो पदरचा घातला. दरवर्षी, प्रत्येक शिक्षकाने पदरचा घालावा या भरवशावर धोरण चालत नाही.

एक शेवटचं. प्रत्येक रिपोर्टाच्या शेवटी 'फ्यूचर स्कोप' नावाचं एक पान असतं. त्यात सगळे जण 'भविष्यात ही प्रणाली मोबाइलवर आणता येईल' छापाचं काहीतरी लिहितात. सरांनी आम्हाला ते पान पुढच्या बॅचला लिहिलेल्या पत्रासारखं लिहायला लावलं होतं. काय करून पाहिलं, काय जमलं नाही, कुठल्या फाइलमधे काय आहे, आणि विशेषनामांची यादी कुठे अडली. पुढच्या वर्षी त्यांच्याच हाताखालच्या एका ग्रुपने ते पान धरून नुसत्या विशेषनामांवर काम केलं. त्यांच्यातल्या एकीचा मला मेल आला होता, 'लारा सुटला!' एवढाच. कानपूरच्या त्या दोन बॅचेसची गोष्ट मी नंतर वाचली तेव्हा मला ते पान आठवलं. प्रबंध करशीलच, तर ते पान मनापासून लिही. बाकीचा रिपोर्ट कोणी वाचेल न वाचेल, ते पान पुढच्या वर्षी कोणीतरी नक्की उघडतं.